मोडलेली प्लेट माघारी धाडताना

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या राउंडला, कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तिला खोटारडी ठरवलं गेलं. लेकासमोर, सुनेसमोर आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या अख्ख्या गोतावळ्यासमोर. खोटारडी हा शब्द कुणी वापरला नाही. तो वापरावा लागतच नाही. 'आजींनी पाय टेकला असणार', एवढं पुरतं.

हे बोलणारा डॉक्टर नव्हता. डॉक्टरांच्या मागं कडक इस्त्रीच्या शर्टात उभा होता तो, हाडांत बसवायच्या प्लेटा आणि स्क्रू दवाखान्यांना पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस. एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरलेला. आत्याच्या मांडीच्या हाडावर बसवलेली स्टीलची प्लेट मधोमध मोडलेली, आंधळ्यालाही दिसेल अशी. डॉक्टरांनी मान हलवली. होकार म्हणून हलवली की विचारात पडून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या खोलीनं ती होकार म्हणूनच घेतली. माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणते, तो खाटेवर वाकला आणि म्हणाला, "आई, खरं सांग."

"खरंच सांगतीया. मी पाय टेकलेला न्हाय."

"मग प्लेट आपली आपण मोडली व्हय?"

आत्तीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आम्ही तिला आत्ती म्हणतो.

दादाला का पटलं नाही, तेही सांगते, नाहीतर तो उगाच खलनायक वाटेल. आमची आत्ती म्हणजे वडगावातली, दोन म्हशी आणि एक वासरू सांभाळणारी, बसून खाणाऱ्याला तोंडावर 'बूड चिकटलं व्हय रं?' विचारणारी बाई. श्रावणात गोठ्यात शेणावर पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. प्लेट बसवून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. गावात पैजा लागल्या. म्हातारी आठ दिवससुद्धा पडून राहायची नाही, लोक म्हणाले. त्यामुळं प्लेट मोडली तेव्हा सगळ्यांना उत्तर आधीच पाठ होतं.

पण मी त्या दिवसांत दर रविवारी वडगावला जात होते आणि मी काय बघितलं ते मला माहीत आहे. आत्तीनं वासराच्या गळ्यातली घंटी काढून स्वतःच्या त्या पायाला बांधून घेतली होती. झोपेत पाय खाटेखाली उतरला तर घरानं ऐकावं म्हणून. नृसिंहवाडीला जायचा नवस होता, तो पुढं ढकलला. म्हैस व्यायली तरी ती उठली नाही. खाटेवरूनच सुनेला एक एक गोष्ट सांगत राहिली आणि पदर तोंडात धरून रडली. त्या घंटीचा आवाज मी कधी ऐकला नाही. असलं पडून राहणं मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही. उपोषणाला बसलेली माणसं मी बघितलीत, आणि त्यांतली निम्मी रात्री वडापाव खाताना पण बघितलीत.

मी रुग्णांच्या हक्कांचं काम करते. म्हणजे पत्रकं लिहिते, ती छापून आणते, दवाखान्यांच्या दारात वाटते आणि वाटता वाटता शिव्या खाते. त्या गुरुवारी दवाखान्याच्या जिन्यातच मी मनात पत्रक जुळवलं. 'प्लेट मोडली की पेशंट खोटा?' हे मथळ्याला. खाली सहा मुद्दे. आमच्याकडं मुद्दे सहाच असतात, सातवा कागदाच्या मागं जातो आणि मागं कुणी वाचत नाही.

दुसरं ऑपरेशन झालं. नवी प्लेट बसली. जुनीचे दोन तुकडे नर्सनं मी मागितले म्हणून माझ्या हातात दिले, लघवी तपासायला देतात तसल्या झाकणाच्या डबीत. मी डबी उजेडाला धरली. बोटाएवढ्या रुंदीचं करडं पोलाद, त्यावर भोकं, कडेला वाळलेलं रक्त आणि एका भोकात पांढरट काहीतरी धरलेलं. नर्स म्हणाली, "हाड हाय त्ये. धरायला लागलं हुतं." मी पत्रक विसरले. लोखंडाला बाई आपलंसं करायला निघाली होती आणि तेवढ्यात लोखंडानं दगा दिला. मला तिथं, त्या फिनेलच्या वासात, कुणाच्या तरी पाया पडावं असं वाटलं आणि कुणाच्या ते कळेना.

एजन्सीचा माणूस लगेच आला. "द्या ताई, मी पोचवतो कंपनीला. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रासाचीच सवय हाय आम्हाला," मी म्हटलं आणि डबी पिशवीत टाकली.

तिथून मी तडक शाहूपुरीतल्या एका कुरिअरवाल्याकडं गेले. कंपनीचा पत्ता प्लेटच्या वेष्टनावरून उतरवून घेतला होता. काउंटरवर गोल चेहऱ्याचा, चाळिशीचा माणूस होता. त्यानं डबी हातात घेतली, हलवली आणि विचारलं, "काय हाय आत?"

"माझ्या आत्तीच्या मांडीतली प्लेट."

त्यानं डबी ज्या झटक्यात काउंटरवर ठेवली, तशा झटक्यात कुणी गरम तवासुद्धा ठेवत नाही. "न्हाय घेत ताई."

"का? स्टील हाय. चमचे घेता की न्हाई?"

"चमच्याला रगात नसतंय." मग मी ऐकत नाही असं बघून त्यानं उजव्या हाताचं मधलं बोट माझ्यासमोर धरलं. "हितं सुई घुसलेली हाय. कुणीतरी शुगरची, इन्सुलिन टोचायची पेनं साध्या पाकिटात घालून धाडलेली. शिक्का मारायला गेलो आन् खचकन आत. कुणाची सुई, काय रोग, कुणाला म्हाईत? सहा म्हैनं रगात तपासत हुतो. बायकोला सांगितलं न्हाय, सांगायचं कसं? लेकराला मांडीवर घ्यायला भ्यालो."

मी डबी उचलून पिशवीत टाकली. पण राग होता तो होताच, फक्त आता त्याला जागा सापडेना. बाहेर येऊन मी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. एका मुलीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, वापरलेली वस्तू तुम्ही स्वतः पाठवू नका. परत पाठवायचे नियम आहेत. आम्ही त्यासाठीची पेटी पाठवतो."

नियम. मी असले नियम खूप ऐकलेत. रेशनच्या रांगेत ऐकलेत, विम्याच्या खिडकीवर ऐकलेत. गरिबाला परतवून लावायचं असलं की शहाण्या माणसाच्या तोंडून नियम निघतो. मी म्हटलं, "टोलवाटोलवी करा. मी पण बघते." तिनं त्याच शांतपणे पत्ता विचारला. मी आत्तीच्या घरचा दिला, डबीही तिथंच नेऊन फडताळात वर ठेवली आणि पत्रकाच्या छपाईची चौकशी सुरू केली.

पेटी आली. दादाचा फोन आला, मी पहिल्या एसटीनं वडगावला गेले. आत्ती खाटेवर, पाय उशांवर, कोपऱ्यात वॉकर. मी पेटी उघडली. वर सूचनांचा कागद होता, मराठीतसुद्धा होता, आणि आत्ती म्हणाली, "मोठ्यानं वाच. माझ्याच मांडीचं हाय, मला कळू दे."

म्हणून मी वाचायला लागले. सुरुवातीला आवाजात कुत्सितपणा होता, ते मला स्वतःलाच ऐकू येत होतं.

वस्तू आधी जाड पिशवीत घाला आणि पिशवी बंद करा. ती पिशवी कडक बरणीत घाला. धारदार टोक आतून टोचलं तरी बाहेर येणार नाही अशी बरणी सोबत आहे. बरणीभोवती हा शोषून घेणारा कागद गुंडाळा. आत जेवढा ओलावा असेल तेवढा सगळा पिऊन टाकेल इतका तो असला पाहिजे. मग दुसरी पिशवी. मग खोकं. खोक्यावर धोक्याचं चिन्ह आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण. काही झालं तर कुणाला फोन करायचा त्या माणसाचं नाव खोक्याच्या बाहेरच असलं पाहिजे, आत नको. कारण ज्याला गरज पडेल त्यानं खोकं उघडण्याची वेळ येऊ नये.

या ओळीला मी थांबले.

"काय झालं?" आत्ती म्हणाली.

"काय न्हाई." मी ती ओळ परत वाचली.

कुणीतरी बसून हा सगळा विचार केला होता. पिशवी फाटली तर? बरणी आहे. बरणी पडली, झाकण सैल झालं तर? कागद आहे. कागद भिजला तर? पिशवी आहे. कुणी उलटं ठेवलं तर? बाण आहे. एवढं करूनही सांडलंच तर उघडायच्या आधी फोन करा. प्रत्येक ओळीमागं एक हात होता. ट्रकमधून खोकी उतरवणाऱ्याचा, काउंटरवर शिक्का मारणाऱ्याचा, पहाटे गोदाम झाडणारीचा. त्या हातांची नावं लिहिणाऱ्याला माहीत नव्हती, कधी कळणार नव्हती. मला शाहूपुरीतलं ते बोट आठवलं. नियम म्हणजे दार बंद करायची कडी, असं मी आजवर छापत आले. हा नियम माझ्या आत्तीच्या रक्ताच्या वाळक्या डागापासून एका अनोळखी माणसाच्या लेकरापर्यंत जाऊन उभा राहिला होता आणि म्हणत होता, हितनं पुढं नाही. इतकी पत्रकं लिहिली मी. माझ्या एका तरी मुद्द्यात एवढी माया आहे का, हे मला माहीत नाही.

"वाच की गं, थांबलीस कशाला," आत्ती म्हणाली.

पुढची ओळ होती: वस्तू घासू नका, धुऊ नका, मोडलेली टोकं एकमेकांना जुळवून बघू नका.

"आत्ती, प्लेट कुठाय?"

"घासायला दिली की."

"कुणाला?"

"सुनंला. पेटी आली म्हंजे जिन्नस माघारी जाणार. लोकाची वस्तू काय रगताची द्यायची? आपल्याला काय वळण हाय का न्हाय?"

मी परसात धावले. वहिनी मोरीत उकिडवी बसली होती. दोन्ही हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवलेल्या, वर रबर लावलेलं, एका हातात नारळाचा काथ्या, पुढ्यात पाण्याच्या चुलीतली राख. एक तुकडा फरशीवर लख्ख चमकत होता. इतका लख्ख की उंबऱ्यावर ठेवून पूजा करावी. दुसरा अजून डबीत होता.

"वहिनी, ठेव. हात लावू नको."

"आत्ता ह्योच घेणार हुते. का, डाग राहिला व्हय?"

त्या बाईची चूक नव्हती. आत्तीचीही नव्हती. आमच्याकडं शेजारणीचा टोप आला तर तो आपल्या टोपापेक्षा जास्त घासून परत जातो. हे कुणी शिकवत नाही, आणि कुठल्या कंपनीला हे कागदावर लिहायचं सुचणारही नाही. मोडलेली वस्तू आपली साक्ष तोंडातल्या घाणीसकट देते हे आम्हाला कोण सांगणार? घासलेल्या तुकड्याचं तोंड, म्हणजे जिथं तो मोडला ती कड, काथ्यानं गुळगुळीत झालं होतं. ते काय सांगणार होतं ते राखेबरोबर मोरीतून वाहून गेलं. दुसऱ्याचं तोंड शाबूत होतं. मी दादाला हाक मारली आणि म्हटलं, "आता आपल्याकडं एकच साक्षीदार आहे."

वहिनीचे हात साबणानं धुऊन घेतले, कुठं चिरलंय का बघितलं. मग आम्ही बसलो. मी वाचायचं आणि दादानं करायचं. पेटीतले हातमोजे त्याच्या हातांना लहान पडले, तरी त्यानं चढवले. हा माणूस म्हशीच्या पाठीवर थाप मारतो तेव्हा शेजारच्या गल्लीत ऐकू जाते. तो त्या दिवशी पोलादाचा एक तुकडा दोन बोटांत असा धरून होता जणू तुकड्यालाच दुखेल. भोकातलं ते हाड त्यानं बघितलं. "ह्ये काय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो तुकडा त्यानं अलगद पिशवीत ठेवला. दोन्ही तुकडे वेगवेगळे बांधले. सोबतच्या चिठ्ठीवर मी खरं ते लिहिलं, की एक तुकडा घरच्यांनी राखेनं घासला आहे, दुसऱ्याला कुणी हात लावलेला नाही.

खोकं बंद करायची वेळ आली तेव्हा आत्ती म्हणाली, "थांबा. फडताळात गुळाचा खडा हाय, त्यो घाला आत."

"आत्ती, दुसरं काही घालायचं नाही असं लिहिलंय."

"लोकाची पेटी रिकामी माघारी जाती व्हय?"

"रिकामी कुठं? तुझी प्लेट हाय की आत."

"ती त्येंचीच हाय."

दादा हसला. त्या गुरुवारनंतर मायलेकरांमध्ये पहिल्यांदा काहीतरी हललं. शेवटी खोकं न्यायला कंपनीनं ठरवलेला माणूस मोटरसायकलवरून आला, तेव्हा तो गूळ त्याच्या हातावर पडला. त्यानं आधी खोक्याच्या सहाही बाजू बघितल्या, चिन्ह बघितलं, बाहेरचं नाव वाचलं, बाण वर करून खोकं गाडीला बांधलं आणि मगच गूळ तोंडात टाकला. "वारणेचा काय?" म्हणाला. "आमच्या गुऱ्हाळाचा हाय," आत्ती आतून ओरडली. "वारणा कारखान्याची साखर असती, येडं का खुळं."

मग वाट बघणं. मी पत्रक छापलं नाही. छापखान्यातल्या पोरानं दोनदा विचारलं, मी थांब म्हटलं. यापूर्वी मी कधी कुठलं पत्रक थांबवलेलं नाही.

संक्रांत झाल्यावर कंपनीच्या तपासणी विभागातून फोन आला. इंजिनीअर बाई होत्या, बोलणं पुण्याकडचं. मी वडगावातच होते. फोन खाटेवर मोठ्या आवाजात ठेवला. आत्ती, दादा, वहिनी, सगळे.

बाई म्हणाल्या, न घासलेल्या तुकड्याचं तोंड त्यांनी भिंगाखाली बघितलं. पाणी उतरताना नदीकाठच्या गाळावर एकामागं एक ओळी राहतात, तशा बारीक ओळी त्यावर होत्या. म्हणजे प्लेट एका दणक्यात मोडली नव्हती. चीर रोज थोडी थोडी सरकत गेली होती. आणि सगळ्या ओळी एका ठिकाणाहून निघाल्या होत्या: स्क्रूच्या भोकाच्या कडेला एक ओरखडा होता तिथून. ओरखडा आजींच्या मांडीत पडलेला नाही. प्लेट आत जायच्या आधीचा आहे. कारखान्यात पडला की नंतर कुठं, ते शोधणं सुरू आहे आणि जे निघेल ते दवाखान्याला आणि आम्हाला दोघांनाही लेखी कळवू.

कंपनीची बाई हे स्वतःहून सांगत होती. मी भांडायची तयारी करून बसले होते, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

दादानं घसा साफ केला. "म्हंजे आईनं पाय टेकला न्हवता. असंच ना?"

"ते मला धातूवरून सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं कुशीवर वळलं, उठून बसलं तरी मांडीवर ताण येतोच. पाय टेकूनही चीर वाढते, न टेकताही वाढते. धातू तेवढं सांगत नाही. ते पेशंटलाच विचारावं लागतं. आजी आहेत का तिथं?"

"हाय की," आत्ती म्हणाली.

"आजी, डॉक्टरांनी सांगायच्या आधी तुम्ही कधी पाय टेकला होता का?"

"न्हाय."

"बरं. तसं लिहिते."

पलीकडं बोटं कीबोर्डवर चालल्याचा आवाज आला आणि थांबला. एवढंच. विचारलं, उत्तर आलं, लिहून घेतलं. दवाखान्यातल्या त्या सकाळपासून आजवर डॉक्टर, एजन्सीवाला, लेक, गाव, सगळ्यांनी आत्तीला काय झालं असणार ते सांगितलं होतं. आणि मी? मी तिच्या बाजूनं भांडत होते, पण मीसुद्धा पुरावा गोळा करत होते. तिला सरळ विचारून उत्तर जसंच्या तसं लिहून घेणारी पहिली व्यक्ती ही होती. हिनं तिला कधी बघितलंही नव्हतं.

फोन बंद झाला. खोलीत म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. आत्ती फोनकडं बघत होती.

"लिवलं म्हणं तिनं," ती म्हणाली. मग दादाकडं वळून, "बघ. एवढंच काम हुतं."

दादा खाटेच्या कडेला बसला. त्यानं माफी मागितली नाही, आमच्याकडं ती शब्दांत मागत नाहीत. त्यानं तिचा पाय उशीवरून उचलला, उशी झटकली, परत नीट ठेवला आणि म्हणाला, "आई, तू न्हाई टेकलास. मी सांगतो त्या एजन्सीवाल्याला. तिथंच जाऊन, सगळ्यांम्होरं."

"मी बी येणार," आत्ती म्हणाली. "डॉक्टर पाय टेक म्हणू दे, मग चालतच येणार."

आता तुम्ही. हे वाचताय त्या तुमच्याशीच बोलते. तुमच्या माणसाच्या अंगातून काढलेली वस्तू दवाखान्याकडं मागा, तुमचा हक्क आहे असं समजूनच मागा. ती घासू नका, कुणा एजन्सीवाल्याच्या खिशात देऊ नका, साध्या पाकिटात घालून दुसऱ्याच्या बोटावर ढकलू नका. कंपनीला फोन करा आणि परत पाठवायची पेटी मागा. आणि ती पेटी यायच्या आधी, आजच, त्या खाटेजवळ जाऊन बसा. काय झालं ते त्यांना विचारा. मध्ये बोलू नका. जे सांगतील ते लिहून घ्या.